पदवी आणि पाळणा

परदेशी पदवीचे आपल्या मराठी घरांना मोठे अप्रूप. पदवीधर परत आला की हारतुरे होतात, पेढे वाटले जातात, नावापुढे दोन अक्षरे लागतात. पण ती विद्या पुढे कोणाच्या उंबरठ्यापर्यंत गेली, हे फारसे कोणी विचारत नाही. लहान मुलांच्या आरोग्यापुरता हा प्रश्न विचारला, तर सव्वाशे वर्षांचा एक इतिहास हाती लागतो, आणि त्यातली एक वाट थेट बीड जिल्ह्याच्या शिवेवरून जाते.

आरंभ आनंदीबाई जोशी यांच्यापासूनच करायला हवा. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळवली, तेव्हा प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्राचा! कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचा अंत झाला. पदवी मायदेशी आली, पण पाळण्यापाशी पोहोचायची राहून गेली.

त्यानंतर डॉक्टर पुष्कळ झाले. परंतु डॉक्टर शहरात आणि आजारी मूल खेड्यात, ही गाठ काही सुटेना. रजनीकांत व मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला शिकून नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करू लागले. तिथे त्यांच्या ध्यानात आले, की बरे होऊन गेलेले मूल थोड्याच दिवसांत तेच दुखणे घेऊन परत येते. औषध होते, पण घरात अन्न नव्हते आणि पाणी शुद्ध नव्हते. या कोड्याचा उलगडा करण्यासाठी दोघे अमेरिकेत गेले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथले त्यांचे गुरू कार्ल टेलर यांचा जन्म आपल्याच मसुरीच्या डोंगरातला. १९७० मध्ये आरोळे दांपत्य परतले ते जामखेडला. नगर जिल्ह्याचे हे शेवटचे टोक. पुढे बीड जिल्हा लागतो.

आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत पाठवून पाहिले. ते जमले नाही. मग गावानेच निवडलेल्या बायका पुढे आल्या. त्यांत पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, शिकत, आणि शिकलेले घरोघर सांगत. बाळाचे वजन करणे, वरचे अन्न वेळेवर सुरू करणे, जुलाब झाले तर पाणी बंद न करता ते मीठ-साखर घालून पाजणे, बाळंतपणात हात स्वच्छ ठेवणे. गोष्टी साध्या, पण मूल वाचवणाऱ्या. १९७९ मध्ये या पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या सन्मानाहूनही मोठी गोष्ट ही, की बाल्टिमोरची विद्या अंगठा उठवणाऱ्या बाईला शिकवता येते, हे सिद्ध झाले.

त्याच विद्यापीठातून १९८४ मध्ये अभय व राणी बंग परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. बाळाला न्यूमोनिया झाला की श्वास जलद होतो. मिनिटाला किती, हे मोजले की रोग ओळखता येतो. पण मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईने ते मोजावे कसे? त्यांनी युक्ती काढली. एका पट्टीवर मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला, की औषध सुरू! खेळण्यासारख्या दिसणाऱ्या या साधनात केवढे शास्त्र सामावले होते! पुढे गावातल्या बायकांनाच घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले गेले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: अशा गावांत नवजात बालकांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटले होते.

आता हे ज्ञान दिल्लीपर्यंत पोहोचले. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ गावोगाव आली. २०११ मध्ये तिच्याकडे घरभेटीचे कामही आले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा फेऱ्या, आणि घरी जन्मले असेल तर सात. आनंदीबाईंच्या बाळाला जे दहा दिवस मिळाले, त्यांतच यांतल्या तीन भेटी येतात. मात्र हे सारे ज्या बाईच्या पायांवर चालते, ती सरकारदप्तरी कर्मचारी नव्हे, ‘स्वयंसेविका’ म्हणून नोंदली गेली. संशोधकाला पुरस्कार आणि आशाताईला कामागणिक मोबदला! हा हिशेब अजून पुरा व्हायचा आहे.

आणखीही एक हिशेब उरतो. घरभेटीची योजना घर एका जागी आहे असे धरून चालते. बीड जिल्ह्यात तसे नसते. तेलगावला साखर कारखाना आहे. तरीही दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून हजारो जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊस तोडायला बाहेर पडतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि पार कर्नाटकात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मागे गाडीत भांडीकुंडी आणि लेकरे. बाळाचे नाव एका गावच्या यादीत, बाळ दुसऱ्याच गावच्या फडात, उसाच्या पाचटाच्या कोपीत. मग सहा भेटी कोणी द्यायच्या?

या प्रश्नाचे उत्तर अजून कोणत्याही प्रबंधात पूर्णपणे लिहिले गेलेले नाही. ते लिहिणारी विद्यार्थिनी कदाचित तेलगाव-धारूरकडच्याच एखाद्या शाळेत आज बसली असेल, आणि आईबापांबरोबर फडावर न जाता मागे आजीपाशी राहिली असेल. तिने कितीही दूर शिकायला जावे, कितीही मोठी पदवी आणावी. आणून मात्र ती कोपीतल्या झोळीपाशी ठेवावी.