हायड्रोजन हुकला, पण घाण सापडली

आजची गोष्ट एका पांढऱ्या भुकटीची आहे. नाव टायटॅनियम डायऑक्साइड. नाव अवघड वाटलं तरी तुमची तिच्याशी रोजची ओळख आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगात ती असते, बऱ्याच सनस्क्रीनमध्येही असते. आणि ऊन मिळालं की ही भुकटी घाण तोडते. हा गुण माणसाला आधी दोष म्हणून दिसला. तिथूनच सुरुवात करू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पांढरा रंग बाजारात आला. काही वर्षांतच तक्रारी सुरू झाल्या. बाहेरच्या भिंतीवरून हात फिरवला की तळहाताला खडूसारखी पूड लागायची. उन्हामुळे ही भुकटी रंग धरून ठेवणाऱ्या सेंद्रिय पदार्थालाच तोडत होती. १९३८ मध्ये गुडीव्ह आणि किचनर या दोघा शास्त्रज्ञांनी हेही दाखवलं की तिच्या संगतीत आणि प्रकाशात रंगद्रव्यं फिकी पडतात. पण रंगवाल्यांना ही डोकेदुखी होती. त्यांनी कणांवर सिलिका आणि ॲल्युमिनाचा थर चढवला. थोडक्यात, या गुणाचं तोंड बंद केलं.

आता येऊ १९६७ मध्ये, टोकियो विद्यापीठात. केनिची होंडा यांच्या प्रयोगशाळेत अकिरा फुजिशिमा नावाचा संशोधक विद्यार्थी काम करत होता. त्याने टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात ठेवला, तारेने प्लॅटिनमशी जोडला आणि स्फटिकावर झेनॉनच्या दिव्याचा झोत सोडला. दोन्हीकडून बुडबुडे निघाले! स्फटिकाकडून ऑक्सिजन, प्लॅटिनमकडून हायड्रोजन. दिवा बंद केला की बुडबुडेही बंद. आणि गंमत म्हणजे स्फटिक झिजला नाही. स्वतः न संपता काम करून देणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक, आणि इथे ते काम प्रकाशाच्या जोरावर चाललं होतं.

१९७२ मध्ये 'नेचर'मध्ये हा शोध छापून आला. पुढच्याच वर्षी तेलसंकट आलं. पेट्रोल महाग आणि इथे तर ऊन आणि पाण्यातून इंधन! सगळ्यांचे डोळे चमकले. पण हिशोब जमेना. ही भुकटी फक्त अतिनील किरणं वापरते आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात ती जेमतेम ४-५ टक्के असतात. उरलेलं ऊन तिच्यासाठी वाया. इंधनासाठी लागते भरपूर ऊर्जा, आणि मिळत होती चिमूटभर.

इथे गोष्टीला वळण मिळालं. काही संशोधकांनी प्रश्नच बदलला. ऊर्जा साठवायची नाही, घाण तोडायची. १९७६ मध्ये कॅनडात कॅरी आणि सहकाऱ्यांनी पाण्यातल्या पीसीबी या चिवट विषारी रसायनांमधला क्लोरीन याच भुकटीने सुटा केला. १९७७ मध्ये अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी पाण्यातलं सायनाइड तोडून दाखवलं.

हे होतं कसं? अतिनील किरण पडला की भुकटीतला एक इलेक्ट्रॉन उडी मारतो आणि मागे रिकामी जागा सोडतो. ती जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावते आणि तयार होतो हायड्रॉक्सिल रॅडिकल, भयंकर भुकेला कण. तो समोर दिसेल त्या सेंद्रिय रेणूचे लचके तोडतो. सगळं नीट पार पडलं तर शेवटी उरतं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि थोडे क्षार.

१९९० च्या दशकात फुजिशिमा आणि काझुहितो हाशिमोतो यांनी आणखी सोपा विचार केला. पाण्याची अख्खी टाकी कशाला? पृष्ठभागावर हळूहळू साचणारी थोडीशी घाण घ्या. त्याला चिमूटभर किरणंही पुरतात. टोटो या जपानी कंपनीबरोबर अशा फरशा तयार झाल्या. मग कळलं की उजेड पडलेल्या या थरावर पाण्याचे थेंब न बनता पातळ पडदा पसरतो. १९९७ मध्ये हेही 'नेचर'मध्ये आलं. म्हणजे घाण तुटते आणि पाऊस ती धुऊन नेतो. पुढे अशाच काचा आल्या. रोममध्ये २००३ साली पूर्ण झालेल्या ज्युबिली चर्चच्या पांढऱ्याशुभ्र सिमेंटमध्येही हीच भुकटी आहे.

मग नद्या, नाले, कारखान्यांचं सांडपाणी असं का साफ होत नाही? कारण गढूळ पाण्यात प्रकाश आत शिरतच नाही. बारीक भुकटी पाण्यातून परत गाळून काढणं कटकटीचं. आणि बरेचसे इलेक्ट्रॉन काही काम करण्याआधीच परत आपल्या जागी जाऊन बसतात. वर काम अर्धवट राहिलं तर मधेच तयार झालेली रसायनं कधीकधी मूळ घाणीइतकीच त्रासदायक ठरतात.

म्हणून उद्या एखाद्या जाहिरातीत 'फोटोकॅटॅलिस्ट' असा शब्द दिसला, तर लगेच भारावून जाऊ नका. दोनच प्रश्न विचारा. यात प्रकाश कुठला आहे? आणि घाण किती आहे? घरातल्या साध्या एलईडी दिव्यात अतिनील किरणं जवळपास नसतातच. तेव्हा नुसता थर लावून भागत नाही, त्याला त्याचं ऊन मिळावं लागतं.

या भुकटीचा गुण शंभर वर्षांत बदलला नाही. रंगवाल्यांनी तो दाबला, इंधनवाल्यांना तो अपुरा पडला, फरशीवाल्यांना तो बरोब्बर पुरला. फरक पडला तो तिच्याकडून काय मागायचं ते ठरवण्यात.

आज इतकंच. भेटू पुढच्या भागात!