वांद्र्याच्या ठाण्यातली उलटतपासणी

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात गाडगेबाबांचं कीर्तन झालं. ते त्यांचं शेवटचं कीर्तन ठरलं. दीड महिन्याच्या आतच, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. वांद्र्याचं कीर्तन मात्र ध्वनिमुद्रित झालं होतं, म्हणून तो आवाज आजही ऐकता येतो. बाबांच्या कीर्तनाची जात त्यात ओळखू येते. बाबा विचारतात, लोक उत्तर देतात, त्या उत्तराचा धागा पकडून बाबा पुढचं विचारतात.

त्याच दिवसांत अमेरिकेत घरोघरी रेडिओवर ‘गनस्मोक’ ऐकलं जात होतं. कॅन्सासमधल्या डॉज सिटी नावाच्या गावातला मार्शल मॅट डिलन, त्याला आवाज देणारे विल्यम कॉनरॅड, घोड्यांच्या टापा, दारूच्या गुत्त्यातला गलका, आणि बहुतेक वेळा कुणाची तरी बळकावलेली जमीन, विकत घेतलेला अधिकारी किंवा दडपलेला खून. १९५२ ते १९६१ अशी नऊ वर्षं ही मालिका चालली.

वांद्र्याचं ठाणं आणि डॉज सिटी यांचा एकमेकांशी काय संबंध? वरवर काहीच नाही. पण गाडगेबाबांच्या प्रश्नांची कुळकथा शोधत मागे जाऊ लागलं, तर हे दोन्ही रस्ते एकाच युद्धापाशी येऊन मिळतात.

आधी ते तंत्र नीट पाहायला हवं. बाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. पूर्वरंग, आख्यान, उत्तररंग अशी बांधणी नाही. गोपाळाच्या नावाचा गजर झाला की थेट प्रश्न. देव कुणी पाहिला? देवाला आंघोळ कोण घालतं? त्याच्यापुढचा नैवेद्य कुत्र्याने पळवला तर देव त्याला हाकलतो का? लोक एकेका प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत जातात, आणि चार-पाच उत्तरांनंतर त्यांनीच दिलेल्या कबुलीत नवस, बकऱ्याचा बळी, कर्ज काढून घातलेलं जेवण असं सगळं सापडतं. बाबा निकाल सांगत नाहीत. समोरच्यांनी तो आपल्या तोंडाने दिलेला असतो. साक्षीदाराला फक्त होकार-नकाराचे प्रश्न विचारून शेवटी त्याच्याच जबानीत अडकवायचं, हे तंत्र वकिलाचं आहे.

हे कीर्तनात कुठून आलं? नामदेवांपासूनची वारकरी परंपरा आणि एकनाथांची भारुडं सगळ्यांना ठाऊक आहेत. बाबा तुकोबांना गुरू मानत, हेही ठाऊक आहे. पण भारुडात सोंग घेणारा बोलतो आणि लोक पाहतात. लोकांना साक्षीला उभं करण्याची रीत तिथून आलेली दिसत नाही.

दुसरा दावेदार अगदी घरातला आहे, आणि अमरावतीकरांना तो मोहात पाडतो. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंचं गाव. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं, ते या रिद्धपुरात. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ संवादांनी भरलेला आहे. त्याच जिल्ह्यात सहाशे वर्षांनी जन्मलेल्या माणसाच्या तोंडी पुन्हा प्रश्नोत्तरं यावीत, हा योगायोग कसा मानायचा? योगायोगच मानावा लागतो. लीळाचरित्रात बहुधा शिष्य विचारतात आणि चक्रधर उत्तर देतात. गाडगेबाबांच्या कीर्तनात ही दिशा बरोबर उलटी आहे. तिथे ज्याला माहीत आहे तो विचारतो, आणि ज्यांना काही माहीत नाही असं समजलं जातं ते उत्तर देतात. दिशा उलटली की कूळ बदलतं.

तिसरा दावेदार म्हणजे विदर्भाची दंडार, आणि चौथा सत्यशोधकी जलसा. दंडारीत सवाल-जवाब असतात, पण दोन्ही बाजू नाचणाऱ्यांच्या. जलशाचा दावा अधिक भक्कम आहे. फुल्यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकातला विदूषक मधेमधे येऊन लबाडी उघडी करतो. पुढे सत्यशोधकी जलशांनी भटजी, सावकार आणि कुळकर्णी यांना तमाशाच्या फडावर आणलं. बाबांचा आशय आणि जलशांचा आशय जागोजागी एकच आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जलशात शेतकरी हे पात्र असतं आणि त्याचा जवाबही आधीच ठरलेला असतो. बाबांच्या समोरचा शेतकरी खरा, कर्ज खरं, आणि त्याचं उत्तर बाबांनाही आधी ठाऊक नसे. काही अभ्यासकांना इथे सॉक्रेटिस आठवतो. गुणसाम्य दाखवायला तो ठीक आहे, वारसा दाखवायला नाही.

राहिली कोर्टकचेरी. या लेखाचा सगळा भर तिच्यावर आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना दक्षिणेकडून जाणारा कापूस थांबला. गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांकडे आलेला वऱ्हाड एकाएकी लिव्हरपूलच्या बाजारात बोलला जाऊ लागला. तिथले दलाल वऱ्हाडी कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. ते उमरावतीचं, म्हणजे अमरावतीचंच, आखूड केलेलं नाव. भाव चढले. त्याच दशकात मोजणी होऊन वावरं खातेदारांच्या नावावर लागली आणि १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. जमीन नावावर आली म्हणजे ती गहाण टाकता येऊ लागली, आणि गहाण पडली की दाव्यात जाऊ लागली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव उतरले. चढ्या भावात काढलेली कर्जं मात्र तशीच राहिली. वऱ्हाडी कास्तकाराच्या घरात कोर्ट शिरलं ते या वाटेनं.

तेच युद्ध संपल्यावर टेक्सासमध्ये बेवारस माजलेली गुरं उत्तरेकडे रेल्वेपर्यंत हाकत नेण्याचा धंदा सुरू झाला. त्या रेल्वेच्या काठी १८७२ मध्ये डॉज सिटी वसली. नवी रेल्वे, नवा पैसा, नवे जमिनीचे कागद आणि कायद्याच्या नावाखाली लुबाडणारी माणसं: अमेरिकन रेडिओच्या घोडेस्वारांच्या गोष्टींना लागणारं सगळं साहित्य त्या काळाने पुरवलं. वायट अर्प हा नावाजलेला पोलीस अधिकारी १८७६ मध्ये डॉज सिटीत दाखल झाला. त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात झिंगराजी आणि सखूबाई यांच्या पोटी डेबू, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, जन्मला. वर्ष जुळणं हा योगायोग आहे. दोन्ही गावांच्या पायाशी एकच युद्ध असणं हा मात्र योगायोग नव्हे.

वडील दारूपायी गेल्यावर डेबू मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी आजोळी वाढला. मामा चंद्रभान चांगला कास्तकार होता. तो सावकाराच्या कागदात अडकला आणि हिशेबाच्या लबाडीने जमीन गमावून बसला. मामा खचून गेला. सावकाराची माणसं वावराचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूने त्यांना पिटाळून लावलं, असं चरित्रकार सांगतात. अक्षरओळख नसलेल्या त्या तरुणाने अंगठ्याचा ठसा म्हणजे काय ते घरातच पाहिलं. कर्ज, खत, व्याज, जप्ती यांची भाषा त्याच्या कानावर लहानपणापासून पडत होती. घरात जमिनीचा तंटा असला की कोर्टातला प्रत्येक प्रश्न रात्री ओसरीवर पुन्हा उगाळला जातो. डेबूने प्रश्न विचारण्याचं बळ तिथे ओळखलं असणार. याचा पुरावा म्हणून कागद कुणी पुढे आणू शकणार नाही. पण बाबांचे आवडते विषय पाहिले, म्हणजे कर्ज काढू नका, सण-लग्नात उधळू नका, वेळ पडली तर ताट विका पण पोराला शिकवा, तर प्रत्येकाच्या मुळाशी दापुऱ्याचं ते वावर दिसतं. १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडल्यावर त्यांनी पूर्णाकाठी बांधलेला पहिल्या घाटांपैकी एक घाट ऋणमोचनचा, हेही लक्षात घ्यावं.

१९३३ च्या जानेवारीअखेर डेट्रॉइटच्या एका रेडिओ केंद्रावरून ‘द लोन रेंजर’ सुरू झालं. तोंडावर मुखवटा चढवलेला स्वार गावात येतो, लबाडाचा डाव उधळतो आणि कुणी आभार मानायच्या आत निघून जातो. गाडगेबाबाही गाव झाडून, कीर्तन करून, पाया पडून न घेता पुढच्या गावाला जात. ही प्रतिमा इतकी जुळते की तुलना इथेच थांबवावीशी वाटते. पण खरा फरक इथेच आहे. अमेरिकन मालिकेत न्याय स्वाराच्या हाती आहे. ‘गनस्मोक’ मोठं ठरलं ते त्यात कित्येकदा न्याय मिळतच नाही म्हणून; लेखक जॉन मेस्टनने डिलनला हताश परत फिरताना अनेकदा दाखवलं. तरी ऐकणारा ऐकणाराच राहतो. वऱ्हाडच्या प्रयोगात ऐकणारा पंच आहे, साक्षीदार आहे, आणि काही वेळा आरोपीही तोच. त्याचं उत्तर आल्याशिवाय कीर्तन पुढे सरकत नाही.

त्याच १९३३ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात कर्ज लवाद कायदा झाला. त्यामागे अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांची खटपट होती. कोर्टाच्या भाषेत जे नाडलं गेलं ते कायद्याच्या भाषेत सोडवण्याचा तो प्रयत्न. बाबांनी तीच भाषा कीर्तनात नेली होती.

म्हणून शेवटचं कीर्तन पोलीस ठाण्यात झालं, याला महत्त्व आहे. ज्या जागी एरवी कायद्याचा माणूस विचारतो आणि गरिबाला उत्तर द्यावं लागतं, त्या जागी दापुऱ्याच्या कास्तकाराचा भाचा प्रश्न विचारत उभा होता. त्याच्या तंत्राचं कूळ वारकरी फडात, रिद्धपुरात आणि जलशात थोडंथोडं असेल. पण त्याचा कणा कचेरीचा आहे, आणि या मताला हरवील असा दुसरा दावा अजून पुढे आलेला नाही.

वांद्र्याच्या कीर्तनाची छापील संहिता सहज मिळते आणि बहुतेक जण तेवढीच वाचतात. तसं करू नका. आधी ध्वनिमुद्रण मिळवून ऐका, शक्यतो चार जणांत बसून, आणि बाबांनी प्रश्न विचारला की समोरची माणसं उत्तराला किती वेळ घेतात याकडे लक्ष द्या. संहितेत तो वेळ छापलेला नाही.