बोनार आणि आधुनिकतेचा निकष

पिएर बोनार जानेवारी १९४७ मध्ये निवर्तला. त्याच वर्षी ‘काये दार’ ह्या पॅरिसच्या कलाविषयक नियतकालिकात संपादक ख्रिस्तिआँ झेर्वोस ह्याने प्रश्न उपस्थित केला : बोनार थोर चित्रकार आहे काय? त्याचे उत्तर नकारार्थी होते. बोनार हा दृक्‌प्रत्ययवादाच्या ओसरत्या काळात रेंगाळलेला, सुखद आणि सुलभ रंगांचा कलावंत होय, असा त्याचा अभिप्राय. मातीसने त्या लेखाच्या प्रतीवरच आपला विरोध नोंदवला आणि बोनारच्या थोरवीची ग्वाही दिली.

ह्या मतभेदाच्या मुळाशी आधुनिकतेची व्याख्या आहे. झेर्वोस हा पिकासोच्या चित्रांच्या बृहद्सूचीचा कर्ता. घनवादाने केलेला वस्तुरूपाचा भंग हाच आधुनिकतेचा निकष मानला, की न्याहारीचे टेबल, खिडकी आणि न्हाणीघर ह्यांत आयुष्यभर रमलेला चित्रकार कालबाह्य ठरणे क्रमप्राप्तच होते.

परंतु बोनारला दृक्‌प्रत्ययवादाचा निव्वळ वारसदार म्हणता येत नाही. १८६७ मध्ये जन्मलेला आणि कायद्याचे शिक्षण घेतलेला बोनार १८९० च्या सुमारास देनी व व्ह्युयार ह्यांच्यासह ‘नाबी’ गटात वावरला. सपाट रंगक्षेत्रे आणि चौकटीने छेदलेल्या आकृती ही जपानी मुद्राचित्रांची शिकवण त्याने आत्मसात केली. मोने निसर्गासमोर बसून क्षण पकडू पाहत होता. बोनार मात्र पेन्सिलीने त्रोटक रेखाटने करी आणि मग भिंतीला ठोकलेल्या कॅनव्हासवर महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, स्मृतीतून रंगवी. त्याच्या चित्रांत पाहणे आणि आठवणे ह्यांमधले अंतर हेच रचनातत्त्व बनते.

टबातील नग्न स्त्री आणि लहान कुत्रा दाखवणारे त्याचे उत्तरकालीन चित्र ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १९४१ मध्ये सुरू झालेले हे चित्र १९४६ मध्ये पूर्ण झाले. त्यातील मार्त ही त्याची जवळजवळ पन्नास वर्षांची सहचरी; ती जानेवारी १९४२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर वारली. चित्रातील देह मात्र तरुणच आहे. टबाची कड वाकते, फरश्यांचे जांभळे-पिवळे चौकोन तरंगू लागतात आणि पाण्यातील देह त्या रंगांत विरघळू पाहतो. इथेही वस्तुरूप भंगते. मात्र ते भूमितीने नव्हे, तर काळाने.

पॅरिसमधील १९८४ च्या आणि लंडन-न्यूयॉर्क येथील १९९८ च्या प्रदर्शनांनी बोनारचे पुनर्मूल्यांकन घडवले. तरीही झेर्वोसचा प्रश्न निरर्थक ठरत नाही. एखाद्या काळाची समीक्षा ज्या परिभाषेत विचार करते, त्या परिभाषेबाहेरची कृती तिला दुर्बळ भासू शकते. झेर्वोसच्या लेखातून बोनारच्या मर्यादांपेक्षा त्या परिभाषेच्या मर्यादाच अधिक स्पष्ट होतात.