हेडसेट आपला, मग सेटिंग कोणाच्या हातात?

आजचा भाग शक्यतो हेडफोन लावून ऐका, कारण विषय त्याचाच आहे.

गेमिंग हेडसेट घालून मित्राशी बोलताना आपण जाम ओरडतो. घरचे म्हणतात, "अरे, हळू बोल ना!" कान झाकले की स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून माणूस आपोआप जोरात बोलतो. यावरचा उपाय टेलिफोनइतका जुना आहे. बोलणाऱ्याचा आवाज थोडासा त्याच्याच कानात सोडायचा. याला साइडटोन म्हणतात. जुन्या टेलिफोनमध्ये तो इतका यायचा, की इंजिनिअरांना तो कमी करणारं सर्किट बनवावं लागलं. कारण जास्त झाला तर माणूस फारच हळू बोलतो. प्रमाण महत्त्वाचं.

आजच्या बऱ्याच हेडसेटमध्ये हे प्रमाण बदलता येतं. पण कंपनीचं सेटिंगचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा विंडोजसाठीच असतं. मग जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून शेलूबाजारातून वर्क फ्रॉम होम करणाऱ्याने काय करायचं?

थोडं मागे जाऊ. जानेवारी 1996 मध्ये यूएसबीचं पहिलं व्हर्जन आलं. त्याआधी कीबोर्डचं पोर्ट वेगळं, प्रिंटरचं वेगळं. हे एक करणाऱ्या इंटेलच्या टीममधलं मोठं नाव म्हणजे अजय भट्ट. ते शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. आणि हे सयाजीराव गायकवाड मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे.

यूएसबीने आवाज, कीबोर्ड, माउस यांचे नियम सगळ्यांसाठी सारखे आणि खुले ठेवले. म्हणून हेडसेट लिनक्सला लावला की आवाज आणि माइक लगेच चालतात. साइडटोन, बॅटरी आणि लाइटचे आदेश मात्र प्रत्येक कंपनी आपल्या खासगी भाषेत पाठवते. समृद्धी महामार्ग शेलूबाजारजवळून जातो, पण गाडी चढते ती इंटरचेंजवरूनच. इथेही रस्ता होता, चढायची जागा कोणी दाखवत नव्हतं.

ती लोकांनीच शोधली. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवायचं, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला साइडटोन थोडा सरकवायचा आणि वायरशार्कमध्ये बघायचं, यूएसबीवरून गेलेल्या मेसेजमधला कोणता आकडा बदलला. तोच मेसेज मग स्वतःच्या प्रोग्रॅममधून पाठवायचा.

अशा शोधांतून हेडसेटकंट्रोल नावाचा ओपन सोर्स प्रोग्रॅम वाढला. सुरुवात लिनक्सवर झाली, आता तो मॅक आणि विंडोजवरही चालतो. टर्मिनलमध्ये त्याचं नाव लिहायचं, पुढे डॅश आणि 'एस', मग 0 ते 128 मधला आकडा, की साइडटोन बदलला. 'एस'च्या जागी 'बी' लिहिलं की बॅटरी कळते. 'एल' आणि 0 लिहिलं की लाइट बंद. अर्थात, तुमच्या मॉडेलमध्ये ती सोय हवी आणि ते मॉडेल प्रोग्रॅमच्या यादीत हवं.

त्या यादीतलं बरंचसं काम हेडसेट वापरणाऱ्यांनीच केलंय. कोणीतरी आपल्या मॉडेलचा एक आकडा शोधला, कोड लिहिला आणि सगळ्यांना देऊन टाकला. पैसे मोजून घेतलेली वस्तू पूर्ण वापरता यावी, एवढाच त्यांचा हट्ट. तुमचं मॉडेल यादीत नसेल, तर पुढचा आकडा शेलूबाजारातून जाऊ शकतो की!

भेटू पुढच्या भागात.