परांची कुणाच्या जागेत?

इमारत दुरुस्तीच्या कंत्राटदाराला सोसायटीवाले आधी ओल दाखवायला नेतात. मी आधी भिंतीपलीकडे डोकावतो. बांबू रोवायला, गवंड्याला हात हलवायला, पडलेलं प्लास्टर उचलायला भिंतीलगत चारेक फूट तरी जमीन लागते. ती शेजारच्या कंपाउंडात असेल, तर सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब नंतर करायचा.

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली इकडे ही वेळ खरं तर यायलाच नको होती. १८९६च्या प्लेगनं मुंबईच्या खेटून बांधलेल्या चाळींची दैना उघडी पाडली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याचे चेअरमन जे. पी. ऑर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा हट्ट धरून बसले होते. सोप्या भाषेत, समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी जागा मधे मोकळी हवी, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही उजेड पोचतो. पुढे १९१५चा नगररचना कायदा झाला, १९२० साली उपनगर जिल्हा वेगळा झाला आणि शेतं-वाड्या मोडून प्लॉट पडले. प्रत्येकानं आपल्या हद्दीत चारी बाजूंनी जागा सोडायची. हवा-उजेडासाठी सोडलेल्या त्या पट्ट्यात आमची परांची आयतीच मावायची. शेजाऱ्याला विचारायचं कारणच नव्हतं.

गावठाणात तसं नाही. आंबोली, मरोळ, किरोळ, एकसर इथल्या जुन्या घरांत एकाचं आढं दुसऱ्याच्या भिंतीवर टेकलेलं मी स्वतः पाहिलंय. पागोळ्या कुणाच्या अंगणात पडाव्यात यावरून भांडणं व्हायची, पण पावसाआधी कौलं चाळायला शेजाऱ्याच्या छपरावर चढलं म्हणून कुणी पोलिसांत जात नसे.

गंमत अशी, की कायदा या गावठाणवाल्यांच्या बाजूनं आहे. १८८२चा ईझमेंट ॲक्ट, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरच्या वापरहक्कांचा कायदा, व्हिटली स्टोक्स या आयरिश भाषापंडितानं लिहिला आणि १८९१ साली तो मुंबई इलाख्याला लागू झाला. त्याच्या २४व्या कलमाखाली उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक मला तोंडपाठ आहे, कारण वकिलांपुढे ते मी कितीदा तरी सरकवलंय. तुमच्या घराला शेजाऱ्याच्या भिंतीचा आधार घ्यायचा हक्क असेल आणि ती भिंत ढासळली, तर तुम्ही त्याच्या जमिनीत शिरून ती दुरुस्त करू शकता. आधार वीस वर्षं शांततेत, विनाखंड चालू असला की हक्क जडतो. म्हणजे जे एकमेकांच्या अंगावर रेलून राहिले त्यांना वाट मिळाली. जे शहाण्यासारखे जागा सोडून स्वतंत्र उभे राहिले, त्यांच्या स्वतःच्या भिंतीला गिलावा करायला मात्र पलीकडे पाय ठेवायचा हक्क नाही.

महापालिकेच्या १८८८च्या कायद्यातही दोन भिंतींमधली एक वाट आहे, ती म्हणजे घरगल्ली. पण ती शेजाऱ्यासाठी नव्हे. सांडपाणी वाहावं आणि मैला उचलणाऱ्याला मागच्या बाजूनं संडासापर्यंत जाता यावं म्हणून ती राखलेली. त्या कामगाराला तेव्हा ‘हलालखोर’ म्हणत. ज्याला पुढच्या दारानं कुणी आत घेत नसे, त्याच्याचसाठी या शहरात दोन घरांमधली वाट कायद्यात लिहिली गेली. अंधेरी, घाटकोपर १९५० साली आणि बोरिवली, मुलुंड १९५७ साली महापालिकेत आले, तेव्हा हा कायदाही इकडे आला.

मग प्लॉटभोवती सोडलेली ती जागा गेली कुठे? पंपरूम झाली, वॉचमनची खोली झाली, स्कूटरसाठी पत्र्याची शेड झाली. पुनर्विकासात तर जागा कमी सोडल्याबद्दल प्रीमियम भरायचा आणि मोकळं व्हायचं. परिणाम असा, की बांबूचा निम्मा सांगाडा पलीकडच्यांच्या फरशीवर.

इंग्लंडात अशा वेळी कोर्टाकडून शिरायची परवानगी मागता येते, १९९२च्या कायद्यानं. सामाईक भिंतीचा कायदा तिथे वेगळा आहे, १९९६चा. आपल्याकडे शेतकऱ्याला बांधावरून वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेच्या १४३व्या कलमाखाली तहसीलदार चौकशी करून निकाल देतो. फ्लॅटवाल्याला असा तहसीलदार नाही. सोसायटीच्या उपविधींत कमिटीला नोटीस देऊन सभासदाच्या घरात पाहणीला जाता येतं, पण तो अधिकार आपल्या गेटाशी संपतो. पलीकडे फक्त परवानगी, आणि परवानगी देणारा ती सहसा अर्ध्यावर काढूनही घेऊ शकतो. काही कायमचं बांधकाम खर्च करून उभारलं असेल तर त्याचे हात बांधले जातात. परांची कायमची नसते.

म्हणून मी शेजारच्या सेक्रेटरींना मोघम काही विचारत नाही. पत्र नेतो: काम सकाळी दहा ते सहा, हिरवी जाळी, राबिट (मलबा) रोज उचलणार, मजुरांचा विमा आमचा, फुटलेली फरशी बदलून देणार, त्यासाठी डिपॉझिट आगाऊ. त्यांच्याकडची भिंत आम्ही फुकट धुऊन रंगवू, हे शेवटच्या ओळीत. कमिटी बहुतेक वेळा तीच ओळ आधी वाचते. तारखा मे संपायच्या आतल्या घालतो, कारण जूनमध्ये तेही आपल्या गच्चीच्या गळतीत गुंतलेले असतात, आणि त्यांची परांची आमच्या बाजूला लागायची असते.