उताराची फ्रेम

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, फ्रेम कोणती घेऊ?"

मला वाटलं, चष्म्याची. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, नवा नंबर लागलाय हे माहीत होतं. मी म्हटलं, "हलकी घे, नाकावर वळ उठत नाहीत." पलीकडे दोन क्षण शांतता, मग हसण्याचा आवाज. चष्म्याची नाही, सायकलची फ्रेम! तीही साधी नाही, डोंगरावरून खाली यायच्या सायकलची. त्यातही कमी उशी असलेली घ्यावी की जास्त, हा प्रश्न.

पोरगा सेनगावात राहतो. गावाबाहेरच्या टेकाडावरून मुरमाच्या पायवाटेनं खाली यायचं वेड त्याला लागलंय. अशा सायकलचं सामान हिंगोलीत मिळणं कठीण, म्हणून एकेक भाग जमवून सायकल बांधायची असं त्यानं ठरवलंय. दोन फ्रेमा समोर होत्या. एक २०० मिलिमीटर शॉकअपची, म्हणजे मागचं चाक एवढं वरखाली होऊ शकतं. खरी शर्यतीची, पण जुनी, कुणीतरी वापरून विकायला काढलेली आणि म्हणून स्वस्त. दुसरी १२० मिलिमीटरची, नवी आणि महाग. दोन्हींचे फोटो त्यानं मला पाठवले आणि म्हणाला, "तुम्ही सगळ्या गोष्टींचा इतिहास सांगता, याचा सांगा."

टोमणा होता, पण मी तो गांभीर्यानं घेतला. :) त्या रात्रीच्या वाचनाचा आणि जुन्या आठवणींचा हा हिशेब. नातेवाईक मंडळींपैकी ज्यांना सायकलमध्ये रस नाही त्यांनी अण्णांसाठी वाचावं.

आमच्या घरातली पहिली सायकल अण्णांची. काळी, २४ इंची, रॉड ब्रेकची, वर दोन आडव्या नळ्या. शिक्षकाची नोकरी, शाळा दुसऱ्या गावाला, रोजचं जाणं-येणं. आम्ही भावंडं तीच सायकल मधल्या त्रिकोणातून पाय घालून शिकलो. सीटवर बसायला उंची पुरायची नाही, म्हणून एक काख सीटवर, एक हात हँडलवर आणि अर्ध्या पायडलवर खुरटत पुढे. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, फ्रेम म्हणजे काय ते त्याला त्या त्रिकोणामुळे कळलेलं असतं.

त्या त्रिकोणाचं मूळ इंग्लंडात. कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यानं १८८५ मध्ये 'रोव्हर' नावाची सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, चेन मागच्या चाकाला. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलवरून पडणारा थेट डोक्यावर पडायचा, म्हणून हिला 'सुरक्षित' सायकल म्हणत. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टच्या डनलॉपनं हवेचा टायर केला, तोही मुलाच्या तीनचाकीसाठी. माझ्या मते सायकलचा पहिला शॉकअप म्हणजे ही हवाच. पुढच्या काही वर्षांत फ्रेमला आजचा आकार आला आणि तो इतका पक्का बसला की सव्वाशे वर्षांनंतरही रस्त्यावरच्या बहुतेक सायकली त्याच घराण्यातल्या आहेत.

आपल्याकडे ही सायकल आधी बोटीनं आली. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं, हिंगोली वेगळा जिल्हा व्हायला मात्र १ मे १९९९ उजाडला. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मद्रासला टी.आय., १९५१ मध्ये सोनीपतला अॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हिरो. नावं वेगळी, पण फ्रेम बहुधा एकच, इंग्लंडातल्या 'रोडस्टर'ची.

आता मुद्द्याचं. रोडस्टरकडे बाजूनं बघा. पुढची नळी, जिच्यात चिमटा बसतो, ती उभी नसते. चांगली मागे रेललेली असते, जमिनीशी साधारण ६७-६८ अंशांचा कोन करून. चिमटा पुढे वाकलेला. दोन चाकांमधलं अंतर भरपूर. शर्यतीच्या सायकलवाले याला नावं ठेवतात, वळायला सुस्त म्हणतात. खरंच सुस्त आहे. पण ती सुस्ती मुद्दाम दिलेली. पुढचं चाक जितकं पुढे, तितकं ते दगडाला आपटल्यावर हँडल हातातून हिसकत नाही. खड्ड्याचा दणका लांब चिमट्याच्या लवचिकपणात थोडा जिरतो. आणि उतारावर अंगाचा भार पुढे सरकला तरी पुढचं चाक त्याच्याही पुढे असतं, त्यामुळे माणूस हँडलवरून जात नाही. ही फ्रेम वाईट रस्त्यांनी घडवलेली आहे.

याच जातीच्या सायकलींवर मुंबईचे काही पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ ला जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघं १९२८ च्या मार्चमध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर करून परतले. इराण, इराकची वाळवंटं, युरोपातले घाट, सगळं शॉकअपशिवाय!

आता कॅलिफोर्नियात जाऊ. भाच्याच्या वेडाचं गाव ते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन परगण्यात माउंट टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली काही पोरं त्या परिसरातल्या मातीच्या वाटांवरून सायकली खाली सोडायची. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही त्यातली नावं. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथल्या एका वाटेवर पहिली वेळ लावून शर्यत झाली. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे ४०० मीटर उतार. वाटेचं नाव पडलं 'रीपॅक', कारण एकदा खाली आलं की मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस तापून धूर होऊन जायचं आणि तुंबा उघडून नवं भरावं लागायचं.

या पोरांनी कोणती फ्रेम निवडली? त्यांच्याकडे चांगल्या, हलक्या, गिअरच्या शर्यती सायकली होत्या. त्या त्यांनी घरी ठेवल्या आणि भंगारात, परसात पडलेल्या १९३०-४० च्या काळातल्या श्विन कंपनीच्या जुन्या फ्रेमा उचलल्या. जाड टायरच्या, वीस किलोच्या आसपास वजनाच्या. का? त्या फ्रेमांची पुढची नळी रेललेली होती, ६८ अंशांच्या आसपास, आणि दोन चाकांतलं अंतर लांब होतं. म्हणजे जवळपास अण्णांच्या सायकलचंच गणित. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मला एकट्यालाच हसू आलं.

पण त्या जुन्या फ्रेमा मोडायच्या. म्हणून जो ब्रीझनं १९७७ मध्ये क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची नवी फ्रेम बांधली, 'ब्रीझर'. कोन मात्र त्या जुन्या श्विनचेच ठेवले. आणि भक्कमपणासाठी पुढच्या नळीपासून मागच्या चाकापर्यंत दोन जादा बारीक नळ्या टाकल्या. आमच्याकडे पोतं वाहणाऱ्यासाठी वर जादा नळी, त्यांच्याकडे उडी मारणाऱ्यासाठी बाजूला.

पुढची गोष्ट मला फार माणसासारखी वाटते. डोंगरी सायकल लोकप्रिय झाली, शर्यती चढाच्याही होऊ लागल्या, आणि १९८० च्या दशकात सगळ्यांनी पुढची नळी उभी करत ७१ अंशांवर नेली. चढताना चपळ, उतरताना जिवावर. मग उताराची भीती घालवायला शॉकअप आला. १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा पहिला चिमटा, जेमतेम पाच सेंटिमीटर हलणारा. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगोला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. उताराच्या शर्यतीत पुरुषांत ग्रेग हरबोल्ड जिंकला, तो असाच चिमटा लावून. त्यानंतर पाचाचे दहा, दहाचे वीस सेंटिमीटर झाले. कोन मात्र हळूहळू परत रेलत गेले. आज उताराच्या शर्यतीची फ्रेम ६२ ते ६४ अंशांवर असते, म्हणजे अण्णांच्या सायकलपेक्षाही रेललेली. चाळीस वर्षं फिरून सगळे मूळ वाटेवर आले.

म्हणून भाच्याला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की शॉकअप किती त्याच्या आधी कोन बघ. उतारावर तुला सरळ ठेवतो तो कोन आणि लांबी. शॉकअप फक्त दणका गिळतो. १२० ची फ्रेम जर ६४-६५ अंशांची आणि लांब असेल, तर ती उताराचीच फ्रेम आहे.

दुसरी गोष्ट, डोंगर बघ. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आमच्या भागापर्यंत येतात खरे, पण येईपर्यंत दमलेले असतात. आमची टेकाडं बुटकी. २०० मिलिमीटरची सायकल मोठ्या दगडांच्या, मोठ्या उड्यांच्या लांब उतारासाठी असते. बुटक्या टेकाडावर ती वाटेतला सगळा खडबडीतपणा पिऊन टाकते आणि पायडल मारलं की गादीवर चालल्यासारखी रुतते. शिवाय वर कशानं जाणार? रीपॅकवाले सायकली ट्रकमध्ये टाकून वर न्यायचे. तुला कोण नेणार, तुझा बाप? पंधरा-सोळा किलो घेऊन पायीच चढावं लागेल.

तिसरी गोष्ट, मोडल्यावर कोण जोडणार? अण्णांच्या फ्रेमच्या नळ्या खोबणीत पितळेनं बसवलेल्या होत्या. पोलाद आणि पितळ, कुठलाही गॅस वेल्डिंगवाला जोडू शकतो. आजच्या बहुतेक फ्रेमा अॅल्युमिनियमच्या. त्या बांधल्यावर भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवून कडक केलेल्या असतात. चीर पडली म्हणून कुणी वेल्डिंग केलं तर जोडाजवळचा कडकपणा जातो, आणि फ्रेम दिसायला धड, आतून मऊ होते. अजून एक, पोलाद ठरावीक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा सोसतं. अॅल्युमिनियम प्रत्येक दणका लक्षात ठेवतं. म्हणून जुनी, खूप आपटलेली अॅल्युमिनियमची फ्रेम घेताना दहा वेळा बघावं.

हे सांगता सांगता मी त्या स्वस्त फ्रेमचे फोटो पुन्हा उघडले. या वेळी मोठे करून.

इथे अण्णांची गोष्ट सांगायला हवी. घरात ती कुणी फारशी काढत नाही.

१९८३ चा उन्हाळा. मी सहावी पास झालेलो. शाळेच्या गावाहून आम्ही परत येत होतो, मागे कॅरिअरवर हरभऱ्याचं पोतं, पुढे नळीवर मी. पंधरा दिवस आधी अण्णांना खालच्या तिरप्या नळीवर, पुढच्या जोडाच्या अगदी मागे, केसासारखी रेष दिसली होती. त्यांनी सायकल दुकानात दाखवली. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, रंगाला चीर पडली, दुसरं काही नाही." अण्णांनी त्यावर विश्वास ठेवला. पगाराला आठ दिवस होते, ठेवणं सोयीचंही होतं.

उतारावर मधोमध 'टक्' असा आवाज आला, एवढंच मला आठवतं. मग पुढचं चाक आमच्या खाली आलं. माझ्या हनुवटीवरची खूण तेव्हाची. अण्णांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं आणि ते दीड महिना झोळीत हात घालून होते. त्यांच्या तोंडून तक्रार ऐकली नाही. एकदाच आईला म्हणाले, "रेष मला दिसली होती गं." ते वाक्य मी दाराआडून ऐकलं. अजून ऐकू येतं.

भाच्यानं पाठवलेल्या चौथ्या फोटोत खालची नळी होती. पुढच्या जोडाच्या मागे, वेल्डिंगच्या कडेला, एक बारीक रेष. कदाचित ओरखडा असेल. कदाचित रंगाची चीर असेल. विकणाऱ्याला विचारलं तर तो तेच म्हणाला, "रंग आहे भाऊ, घासून बघा."

मी भाच्याला रात्री दीड वाजता फोन केला. त्यानं घाबरून उचलला, या वेळी फोन म्हणजे कुणीतरी गेलं असंच वाटतं. मी फोटोत रेष कुठे बघायची ते सांगितलं आणि मग अण्णांची गोष्ट. त्याला ती माहीत नव्हती. त्याच्या आईला माहीत होती, तिनं सांगितली नव्हती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबांची फ्रेम अजून आहे ना?"

आहे. वेल्डिंगवाल्यानं नळीला पितळेचा जोड मारून दिला होता, त्यावर अण्णांनी पुढे बरीच वर्षं नोकरी केली. सेनगावच्या घरात मागच्या खोलीत खुंटीला टांगलेली आहे, चाकं काढलेली. दुसऱ्या दिवशी भाच्यानं ती उतरवून पुसली आणि मोबाईलवर कोन मोजून मला पाठवला. ६७ अंश. सोबत एक फोटो, काळ्या रंगातून डोकावणाऱ्या पिवळ्या पट्टीचा.

१२० ची घ्यायला पैसे कमी पडतात म्हणून तो दिवाळीपर्यंत थांबणार आहे. थोडे मी घालीन म्हटलं, तर त्याच्या आईचा फोन आला, "लाडावून ठेवू नकोस त्याला." असो. घालणार आहेच. तोवर तो रोज टेकाड पायी चढतोय. वाट पाठ करतो म्हणे.