ग्रहणाचं पुण्य

इसवी सन १२०७, श्रावणी पौर्णिमा. चाळीसगावजवळच्या पाटणात, डोंगराच्या पायथ्याशी तुम्ही उभे आहात आणि आभाळ गच्च भरलंय. चंद्र नेमका कुठे आहे ते अंदाजानेच ओळखायचं. तरी पाण्याच्या काठी माणसं ताटकळली आहेत. चंद्रग्रहणाच्या स्पर्शाला अजून अवकाश आहे, एवढं मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक.

कशावरून? ओसरीत चला. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची वाटी तरंगतेय. तिच्या बुडाला बारीक भोक. पाणी हळूहळू आत चढतं, काठाशी येतं आणि वाटी डुबकन तळ गाठते. एक घटिका झाली, तुमच्या हिशेबाने २४ मिनिटं. शेजारी बसलेला पोरगा वाटी उपसतो, पालथी करतो, पुन्हा सोडतो आणि अंगठा बोटाच्या पुढच्या पेरावर सरकवतो. ग्रहणाची वेळ काढून दिली आहे चांगदेवांनी. यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी, भास्कराचार्यांचे नातू.

ढग फाटतात. चंद्राची पूर्वेकडची कड काळवंडलेली! काठावर एकच गलका होतो.

राहूने धरला का रे, तुम्ही पोराला विचारता. तो हसतो. धरणारा एकच असता तर चंद्राला पूर्वेकडून आणि सूर्याला पश्चिमेकडून कशाला धरता? सूर्यग्रहण एका गावाला दिसतं, दूरच्या दुसऱ्याला दिसत नाही. चंद्रग्रहण मात्र चंद्र वर असेल तिथे सगळीकडे सारखंच. म्हणजे चंद्राला झाकते पृथ्वीची सावली आणि सूर्याला झाकतो चंद्र. आचार्यांनी वयाच्या ३६व्या वर्षी लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीत हे सगळं आहे. पृथ्वीला कुणी डोक्यावर धरलेलं नाही, हेही तिथेच. धरणाऱ्याला दुसरा आधार लागणार, त्याला तिसरा. कुठेतरी कुणाला तरी स्वतःच्या बळावर उभं राहावंच लागणार. मग तो मान पृथ्वीलाच का नको?

एवढं बोलून पोरगा वाटी दुसऱ्याच्या हवाली करतो आणि ग्रहणाच्या स्नानाला पाण्यात उतरतो.

तुम्ही चक्रावता. पण आचार्यांनीही तेच केलंय. सावलीचं सगळं गणित मांडून झाल्यावर ते सांगतात, की शंभूच्या वराने अंधाररूप राहूच त्या सावलीत शिरतो, म्हणून पुराणांशी विरोध येत नाही. मला हे जरा ओढूनताणून बसवलेलं वाटतं. त्या राहूला उठवलं तरी सावलीचा एक आकडा इकडचा तिकडे होत नाही. पण आचार्यांनी त्याला जागा दिली ती नेमकी गणिताच्या आड न येणारी, यात त्यांचा धोरणीपणा दिसतो. शिवाय विश्वाचा आवाका कळलेल्या या माणसाला देव नकोसा झाला होता, असं त्यांच्या ग्रंथात कुठे जाणवत नाही.

आणि ही श्रद्धा नुसती तोंडी लावण्यापुरती नाही. इथे राज्य करणाऱ्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने याच ग्रहणाच्या पर्वावर दान दिलंय. ग्रहणात केलेल्या दानाचं पुण्य मोठं, म्हणून. दान कशाला? भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला चांगदेवांनी काढलेल्या मठाला. ग्रहण म्हणजे सावली, हे शिकवण्याचा खर्च ग्रहणाच्या पुण्यावर निघतोय! आपल्याकडे श्रद्धा आणि विज्ञान यांवरचे परिसंवाद ऐकताना मला हा हिशेब हटकून आठवतो.

दानाचा लेख दगडावर कोरला गेला आणि एकोणिसाव्या शतकात संशोधक भाऊ दाजींनी तो उजेडात आणला. वंशाची थोरवी संस्कृतात. शेवटी व्यवहाराचा भाग आला तशी भाषा मराठीवर येते. पाटणात माल विकला की गिऱ्हाइकाकडून राजाला जाणारा कर आता मठाला. प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. आणि मोजायचं ते मठाच्याच मापाने.

सकाळी तेल्याच्या दारात थांबून बघा. सावली की राहू, याची त्याला पडलेली नाही. मठाची पळी आपल्या पळीपेक्षा मोठी तर नाही ना, एवढंच तो शेजाऱ्याला विचारतोय.